इइजिमा आइ आणि 'माजी' हा शब्द

पारिजात_२१

मंडळी, हा विषय इथे काढावा की नाही यावर बरेच दिवस घुटमळत होते, पण शेवटी काढतेच. धागा जपानच्या एका एव्ही अभिनेत्रीबद्दल आहे. एव्ही म्हणजे अॅडल्ट व्हिडिओ, तिकडे सगळे एव्हीच म्हणतात. चवीने वाचायला काही मिळेल या आशेने आला असाल तर निराश व्हाल, आधीच सांगते.

मी काही वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहत होते. भारतीय लोकांची वस्ती, आपली मराठी घरंही बरीच. जपानी शिकत होते आणि वाचनाचा सराव म्हणून बुकऑफमध्ये जाऊन ११० येनवाली जुनी पुस्तकं उचलायचे. त्यात एकदा इइजिमा आइ हिचं 'प्लेटॉनिक सेक्स' हाती लागलं. नाव वाचून खाली ठेवणारच होते, पण आतली भाषा एकदम सोपी, बोलल्यासारखी, म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी लंचला ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या बाईंनी ते माझ्या बॅगेत पाहिलं. मला लाज वाटली, वाटलं आता काय म्हणतील. तर त्या म्हणाल्या, "अय्या, आइ-चान!" ('चान' हे लाडाने नावापुढे लावतात) आणि त्यांचे डोळे भरून आले. आपल्याकडे एव्हीत काम केलेल्या बाईच्या नावाने कुणा काकूंचे डोळे भरून येतील ही गोष्टच माझ्या डोक्यात बसेना, म्हणून मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

(नाव मुद्दाम 'आइ' असं ऱ्हस्व लिहितेय. जपानीत त्याचा अर्थ प्रेम. आपल्याकडे दीर्घ लिहिलं की वेगळाच शब्द होतो.)

जन्म १९७२, तोक्योचाच. घर कडक शिस्तीचं, अभ्यास, मार्क, वळण. शाळेत असतानाच बिनसलं, घर सोडलं, मग रोप्पोंगी आणि गिंझाच्या क्लबमध्ये होस्टेस, म्हणजे गिऱ्हाइकांसोबत बसून गप्पा मारणारी. पुस्तकात तिने त्या वयात आपल्यावर झालेला बलात्कारही लिहिलाय, आणि तो लिहिताना कुठेही रडगाणं नाही, झालं ते झालं असं सरळ सांगितलंय, मला ते वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं. १९९२ ला एव्हीत आली. कारण पैसा, तिने ते लपवलेलं नाही. आणि त्याच सुमारास टीव्ही तोक्यो या चॅनलवर 'गिल्गामेश नाइट' म्हणून मध्यरात्रीनंतरचा एक शो होता, त्यात ती दिसायला लागली. तिथे तिची ओळख काय, तर टी-बॅक अंतर्वस्त्र घालून फिरणारी मुलगी. बस्स, तेवढीच.

आता इथून पुढचं मला खरं सांगायचंय. एव्हीचं काम तिने मोजकी वर्षं केलं आणि सोडलं. त्यानंतर २००७ पर्यंत ती टीव्हीवर होती, म्हणजे दशकभराहून जास्त! आणि काय टीव्हीवर, तर मध्यरात्रीच्या शोपासून सुरुवात करून ती टीबीएसच्या 'संडे जापॉन'पर्यंत पोचली, जो रविवारी सकाळी लागतो, घरातले सगळे चहा-नाश्ता करताना बघतात तो. तिथे ती बातम्यांवर बोलायची. राजकारण, शाळेतलं बुलिंग, एड्स, गर्भनिरोधन. मध्यरात्रीपासून रविवार सकाळपर्यंतचं हे अंतर तिने स्वतःच्या तोंडाच्या जोरावर कापलं. स्पष्ट बोलायची, आणि टर उडवली जायच्या आत समोरच्याला गप्प करायची. ऑफिसातल्या त्या बाई म्हणाल्या, "आम्ही घरी जे बोलू शकत नव्हतो ते ती बोलायची."

पुस्तक २००० साली आलं. दहा लाखांच्या वर खप, पुढच्याच वर्षी सिनेमा आणि टीव्ही ड्रामा. २००७ च्या मार्चमध्ये तब्येतीचं कारण देऊन ती या क्षेत्रातून बाहेर पडली. २००८ च्या डिसेंबरमध्ये, २४ तारखेला, शिबुयातल्या तिच्या फ्लॅटमध्ये ती मृतावस्थेत सापडली. मृत्यू आधीच काही दिवस झालेला होता. वय ३६. नंतर कारण न्यूमोनिया असं जाहीर झालं. तोपर्यंत लोकांनी काय काय तर्क लढवले ते लिहायची माझी इच्छा नाही.

आणि त्या दिवशीच्या बातम्या मी नंतर शोधून वाचल्या. इंग्रजी मथळ्यांत 'माजी पॉर्न स्टार'. जपानीत यासाठी 'मोतो' हा शब्द लावतात, मोतो म्हणजे माजी. आपल्याकडे माजी सैनिक, माजी मुख्याध्यापक, माजी आमदार म्हणताना 'माजी' मानाने लावतो ना आपण? म्हणजे काम संपलं तरी त्याचा मान राहिला. हिच्या बाबतीत काम संपलं तरी डाग राहिला, असा तोच शब्द उलटा लागतो. तेरा-चौदा वर्षं टीव्ही, एक गाजलेलं पुस्तक, एड्सबद्दलचं काम, आणि मथळ्यात काय येतं तर विशीतली ती मोजकी वर्षं. हे मला फार लागलं, म्हणून हा धागा.

कुणी तिकडे राहिलंय, वाचलंय, तर लिहा प्लीज.

डोंबिवलीकर८७

वाचता वाचता चहा गार झाला. आपल्याकडे हेच सनी लिओनीच्या बाबतीत नाही का? २०११ ला बिग बॉसमध्ये आली, मग 'जिस्म २', त्यानंतर इतकी वर्षं इथे काम करतेय, तरी २०१६ च्या त्या मुलाखतीत अँकर तिला फिरून फिरून तेच विचारत होता, पश्चात्ताप होतो का, पश्चात्ताप होतो का. ती इतकी शांत बसली होती की मला माझ्या घरात लाज वाटली. नंतर २०१७ मध्ये तिने नवऱ्यासोबत आपल्या लातूरची मुलगी दत्तक घेतली तेव्हाही कमेंटमध्ये लोकांनी काय घाण लिहिली होती! ज्या पोरीला कुणी घर देत नव्हतं तिला घर मिळालं हे सोडून सगळं बोलले.

नाना_सांगली

माफ करा पण मला हे पटलं नाही. पारिजातताई, तुम्ही मनापासून लिहिलंय हे दिसतं, तुमच्या हेतूवर शंका नाही. पण इथे शाळकरी मुलंही वाचतात. या धंद्याची बाजू घेतल्यासारखं होतं. माझी पुतणी पुण्यात जपानी शिकतेय, उद्या तिने हे वाचून काय समजायचं? वाईट मार्ग तो वाईट मार्ग, पुढे टीव्हीवर गेली म्हणून तो चांगला होत नाही.

पारिजात_२१

नाना, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. धंद्याची बाजू मी घेत नाहीये. उलट धंद्याने काय केलं ते पुढे येईलच, कुणीतरी कायद्याबद्दल लिहिलं तर बरं होईल. मी बाजू घेतेय ती बाईची. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि पुतणीने वाचावंच असं मी म्हणेन, कारण शिबुया आणि शिंजुकूत स्टेशनबाहेर उभे राहून एव्हीसाठी मुलींना गाठणारे स्काउट तिने पाहिले तर तिला ते कोण आहेत हे कळायला हवं. "मॉडेलिंग करशील का" असंच विचारतात.

ह्वांगपू_काठी

शांघायमध्ये नोकरीला होतो बरीच वर्षं, त्यामुळे मला आधी आठवली ती आओइ सोरा. वर इइजिमाची गोष्ट म्हणजे तो शिक्का पुसायची धडपड होती असं धरलं तर सोराने उलट केलं, शिक्का पुसलाच नाही, तो घेऊनच सगळीकडे गेली. जन्म १९८३, एव्हीत २००२ ला. जपानात तशी नावाजलेलीच, टीव्ही ड्रामाही केले, थायलंडचा सिनेमा, इंडोनेशियाचा सिनेमा. पण चीनमध्ये जे झालं ते वेगळंच प्रकरण आहे.

चीनमध्ये पॉर्नवर बंदी, तरी पायरेटेड सीडी आणि डाउनलोडमधून ऐंशीच्या दशकात जन्मलेली अख्खी पिढी तिला ओळखत होती. एप्रिल २०१० मध्ये तिकडच्या लोकांना कळलं की ती ट्विटरवर आहे, तर लोक फायरवॉल, म्हणजे तिकडच्या सरकारने इंटरनेटला घातलेलं कुंपण, ओलांडून तिच्या अकाउंटवर धडकले, एका दिवसात हजारो. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने वेइबोवर, म्हणजे चीनच्या ट्विटरसारख्या साइटवर, खातं काढलं. पुढे फॉलोअर कोटीच्या वर गेले. आणि तिला म्हणायचे काय, 'त्सांग लाओशी'. त्सांग हा तिच्या आडनावातल्या पहिल्या अक्षराचा चिनी उच्चार, आणि लाओशी म्हणजे शिक्षक, सर-मॅडम म्हणतो ना तसं. सुरुवातीला थट्टेनेच म्हणत असणार, पण पुढे पुढे माझ्या ऑफिसातले लोक खरोखर आदराने म्हणायचे, कारण ती मनापासून चिनी शिकली, ब्रशने अक्षरं गिरवायला लागली, आणि ती अक्षरं वेइबोवर टाकायची.

२०१२ मध्ये बेटांवरून भांडण पेटलं, जपानी त्यांना सेनकाकू म्हणतात आणि चिनी द्याओयू. जपानी गाड्या फोडल्या, दुकानं बंद. तेव्हा एक घोषणा फिरत होती, 'द्याओयू बेटं चीनची, त्सांग लाओशी जगाची'. ऐकून माझे चिनी मित्र हसायचे. पण तिने त्याच काळात दोन्ही देशांच्या लोकांची मैत्री असावी असं हाताने लिहून पोस्ट केलं तर तिच्यावर दोन्हीकडून शिव्यांचा पाऊस पडला. म्हणजे 'जगाची' म्हणणारे तिने स्वतःचं मत मांडल्याबरोबर उलटले. हे मी समोर पाहिलंय, त्या दिवसांत आम्हीही ऑफिसबाहेर जपानी क्लायंटशी मोठ्याने बोलत नव्हतो.

२०१८ च्या सुरुवातीला लग्न केल्याचं जाहीर केलं, नवरा डीजे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगितलं की मूल होणार आहे, तर लोकांचं सुरू झालं, बिचाऱ्या मुलाने काय पाप केलं, शाळेत त्याला काय म्हणतील. २०१९ च्या मे महिन्यात जुळे झाले. मुलाला कोण त्रास देईल? हेच लोक देतील ना, जे आधीच 'बिचारं' म्हणतायत. एवढं साधं त्यांना दिसत नाही याचं मला आजही नवल वाटतं.

मोगरा_फुलला_नाशिक

+१ शेवटच्या परिच्छेदाला.

कायद्याची_वही

पारिजातताईंनी कायद्याबद्दल विचारलंय तर लिहितो. मी पुण्यात वकील, जपानी कंपन्यांचे करार बघतो त्यामुळे तिकडच्या घडामोडींवर नजर असते. थोडं लांबेल.

आधी व्यवस्था कशी चालते ते. मुलगी थेट व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीकडे, ज्याला तिकडे मेकर म्हणतात, जात नाही. ती एका एजन्सीकडे असते, जिमुशो. जिमुशो मेकरशी बोलते, पैसे घेते, आपला वाटा कापून तिला देते. ज्या मुलीच्या एकटीच्या नावावर व्हिडिओ विकला जातो ती 'तांताई', आणि जिचं नावही धड येत नाही, विषयावर व्हिडिओ खपतो, ती 'किकाकु'. इइजिमा, सोरा ही सगळी तांताईची उदाहरणं, म्हणून आपल्याला नावं माहीत. बाकीच्या असंख्य मुली किकाकु, त्यांना भाव कमी आणि आवाज तर नाहीच.

गोम करारात होती. सही करताना मॉडेलिंग सांगायचं, शूटिंगच्या दिवशी खरं कळायचं, आणि नाही म्हटलं की नुकसानभरपाईचा बडगा. एवढ्या लोकांचा दिवसभराचा खर्च, स्टुडिओचं भाडं, तू भर. आणि सोबत ती तिकडे सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट, 'ओयाबारे', म्हणजे आईवडिलांना कळणं. घरी फोन करू का? एवढं म्हटलं की वीस वर्षांची पोर गप्प.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाचा एक निकाल आला तो फार महत्त्वाचा. एका मुलीने पुढची कामं करायला नकार दिला म्हणून जिमुशोने तिच्यावर २ कोटी ४६ लाख येनचा दावा लावला होता. कोर्टाने दावा फेटाळला आणि म्हटलं की असलं काम कुणाकडूनही तिच्या मनाविरुद्ध करारावर बोट ठेवून करून घेता येणार नाही. मग २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स नाऊ या संस्थेने अहवाल काढला, त्याच वर्षी कुरुमिन आरोमा ही यूट्यूबर स्वतःच्या नावा-चेहऱ्यानिशी पुढे येऊन बोलली की ग्रॅव्ह्यूर मॉडेल (मासिकांत बिकिनीतले फोटो येतात ती) करतो म्हणून मला यात ओढलं. तोंड झाकून नाही, सगळ्यांसमोर. तोपर्यंत 'असं काही होत नाही, सगळ्या स्वखुशीने येतात' हेच उत्तर मिळत होतं.

आणि मग २०२२. त्या वर्षी १ एप्रिलपासून जपानात सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ झालं. ऐकायला चांगलं, पण एक अडचण झाली. आधी १८-१९ वर्षांची मुलगी अल्पवयीन म्हणून पालकांच्या संमतीशिवाय केलेला करार रद्द करू शकत होती, ते संरक्षण एका रात्रीत गेलं. त्यावरून ओरड झाली आणि जूनमध्ये संसदेने घाईने एव्हीसाठी वेगळा कायदा केला, २३ जून २०२२ पासून लागू. करार लेखी हवा, करार आणि शूटिंग यांच्यात १ महिना जायला हवा, शूटिंग संपल्यावर ४ महिने झाल्याशिवाय व्हिडिओ बाहेर काढता येणार नाही, आणि बाहेर आल्यावरही १ वर्ष, कुठलंही कारण न देता, भरपाई न देता, करार रद्द करता येतो आणि विक्री थांबवावी लागते. कायदा आल्यावर पहिली दोन वर्षं ही रद्द करण्याची मुदत १ ऐवजी २ वर्षांची होती. रद्द करू नये म्हणून धमकावलं किंवा खोटं सांगितलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड, कंपनीला १० कोटी येनपर्यंत. आणि हे सगळ्या वयांना लागू, फक्त १८-१९ ला नाही.

वकील म्हणून मला यातलं काय आवडलं सांगू? कारण न देता. 'मला फसवलं' हे सिद्ध करत बसायचं नाही. नुसतं मन बदललं एवढं पुरे. करारांच्या जगात हे फार दुर्मिळ आहे हो.

ओसाका_रिटर्न

कायद्याची वही यांनी नीट लिहिलंय, पण एक बाजू राहिली. तो कायदा आला तेव्हा मी ओसाकात होतो आणि तिकडच्या ट्विटरवर स्वतः काम करणाऱ्या अभिनेत्रीच चिडल्या होत्या. ठरलेली शूटिंगं पटापट रद्द झाली, १ महिना आणि ४ महिने थांबायचं म्हणजे तोपर्यंत घरभाडं कशाने भरायचं, आणि कायदा करताना आम्हाला विचारलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे काही महिला संघटना म्हणत होत्या की हा कायदा पुरेसा नाही, यातून प्रत्यक्ष संबंधांच्या चित्रीकरणाला कायदेशीर मान्यताच मिळते. शिंजुकूत निदर्शनंही झाली. म्हणजे एका बाजूला जास्त झालं आणि दुसऱ्या बाजूला कमी पडलं.

मला व्यक्तिशः काम करणाऱ्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं असंच वाटतं. त्यांच्या नावाने कायदा आणि त्याच दाराबाहेर.

आणि एक कबूल करतो. मी कॉलेजला असताना बाकी मुलांसारखे हे व्हिडिओ हॉस्टेलवर पाहिलेत. त्या वेळी पडद्यावरच्या बाईला घर असेल, तिने सही करताना काय वाचलं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. हा धागा वाचताना आलं.

शुभदा_ठाणे

नेटफ्लिक्सवर २०१९ ला आलेली त्या धंद्यावरची सिरीज पाहिली होती, ऐंशीच्या दशकातली, व्हीएचएसच्या काळातली. त्यातली नायिका खऱ्या बाईवरून घेतलीय. ती विद्यापीठात शिकणारी मुलगी, टीव्हीवर अगदी शुद्ध, आदरार्थी जपानीत बोलायची आणि स्त्रियांच्या इच्छेबद्दल बिनधास्त बोलायची म्हणून गाजली. नंतर ती पूर्ण बाजूला झाली, खाजगी आयुष्य जगतेय, आणि सिरीज करताना तिची परवानगी घेतली नाही अशी तिथे खूप टीका झाली. मला तेव्हा सिरीज आवडली होती, नंतर हे वाचल्यावर फार वाईट वाटलं. तीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा तिचं आयुष्य काढून जगभर दाखवलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाहीये, ते तिने ज्या शांततेसाठी सगळं सोडलं ती आपण तरी मोडू नये.

पारिजात_२१

शुभदा, किती छान केलंस नाव न लिहून. मीही पाहिली होती ती, आणि आता पुन्हा बघवणार नाही.

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. १९९२ मध्ये इइजिमाकडे यातलं काहीच नव्हतं ना. महिना नाही, चार महिने नाहीत, वर्ष नाही. जे एकदा बाहेर आलं ते आलं. म्हणून मग तिने केलं काय, तर दडवायच्या ऐवजी आपणच सगळं लिहून टाकलं, कुणी उकरून काढायच्या आधी. त्या पुस्तकाकडे मी आता तसं बघते.

अजून एक राहिलं. तिचा एक ब्लॉग होता, आणि शेवटची नोंद ती जायच्या जेमतेम काही दिवस आधीची, डिसेंबर २००८ च्या सुरुवातीची. ती गेल्यावर घरच्यांनी तो लगेच बंद केला नाही. लोक त्या शेवटच्या नोंदीखाली वर्षानुवर्षं लिहीत राहिले. आज परीक्षा झाली, आज नवऱ्याशी भांडले, आज नोकरी गेली, आइ-चान ऐकतेस ना. ऑफिसातल्या त्या बाईही लिहायच्या. काय लिहायच्या ते मी विचारलं नाही.

डोंबिवलीकर८७

हे वाचून गप्प झालो.

नाना_सांगली

परवा लिहिलं तेव्हा घाईत लिहिलं. हा धंदा मला अजूनही मान्य नाही आणि होणार नाही, ते माझं मत राहू द्या. पण शिक्का मारण्याबद्दल जे म्हणताय ते पटलं. आमच्या गावात तमाशाच्या बाईच्या मुलाला शाळेत मागे बसवायचे, मी त्याच्याच वर्गात होतो, मीही त्याच्याशी बोलत नसे. तो पुढे बँकेत लागला. गावात आला की अजून कुणीतरी त्याच्या आईचं काढतंच.

पुतणीला धागा पाठवलाय. तिला पुढच्या वर्षी तोक्योला जायचंय, तिथे काही अडलं तर कुणाला फोन करायचा ते कुणी सांगाल का?

कायद्याची_वही

नाना, #८८९१ हा छोटा नंबर आहे. जपानात कुठूनही फिरवला की त्या त्या भागातल्या लैंगिक अत्याचार मदत केंद्राला लागतो. एव्हीच्या कायद्यासाठीही हीच केंद्रं ठरवून दिली आहेत, म्हणजे सही केली असेल, शूटिंग झालं असेल, व्हिडिओ बाहेर आला असेल, तरी तिथेच बोलायचं. पोलिसांचा नंबर ११०. आणि तिला एक सांगा, कुठल्याही जपानी कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही, कागद घरी आणायचा. देत नसतील तर उठून यायचं.

पारिजात_२१

नाना, पुतणीला माझा आयडी द्या. निशी-कासाईत माझ्या दोन मैत्रिणी अजून आहेत, स्टेशनवर घ्यायला येतील.